स्वस्त संच आधी चालवा, एवढेच का? ग्रिडमधील इष्टतम वीजप्रवाहाविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नागपुरात राहता, गच्चीवरून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात 'ट्रान्स्पोर्टेशन प्रॉब्लेम' (कुठून कुठे किती माल पाठवला तर वाहतूक सर्वांत स्वस्त पडेल, याचे गणित) आपण हाताने सोडवलेला आहे. म्हणून आपल्याला असे वाटते की ग्रिडमधील वीजप्रवाहाचे गणितही त्याच जातीचे असावे: स्वस्त संच आधी चालवायचा, महाग नंतर, आणि एखादी वाहिनी भरली की उरलेली वीज दुसऱ्या वाटेने पाठवायची. एवढ्याशा गोष्टीवर १९६२ पासून संशोधन का चालू आहे, आणि कोराडी इतकी जवळ असताना नागपूरची वीज स्वस्त का नाही, असे आपण विचारले आहे. भार प्रेषण आणि प्रणाली-अभ्यास या कामांत माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि नव्याने रुजू झालेला जवळजवळ प्रत्येक अभियंता पहिल्या महिन्यात हाच प्रश्न विचारतो, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

गफलत 'पाठवायची' या शब्दात आहे. ट्रकने संत्री पाठवताना काटोलहून अमरावतीमार्गे जायचे की वर्ध्यामार्गे, हे आपण ठरवतो. विजेच्या बाबतीत कोणत्या संचाने किती निर्मिती करायची, जनित्राच्या टोकाला व्होल्टेज किती ठेवायचे, रोहित्राचा टॅप कोणत्या पायरीवर ठेवायचा, एवढेच आपल्या हातात असते. वीज एकदा ग्रिडमध्ये शिरली की ती कोणत्या वाहिनीतून किती जाईल, हे किर्खोफचे नियम आणि प्रत्येक वाहिनीचा रिॲक्टन्स, म्हणजे प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाला होणारा तिचा अडथळा, ठरवतात. उपलब्ध असलेल्या सगळ्या वाटांनी ती एकाच वेळी, ठरलेल्या प्रमाणात जाते.

एक छोटे उदाहरण कागद-पेन्सिल घेऊन सोडवून पाहा. क, ख आणि ग अशी तीन उपकेंद्रे त्रिकोणात जोडलेली आहेत आणि तिन्ही वाहिन्यांचा रिॲक्टन्स सारखा आहे. 'क' येथील संच ३ रुपये युनिटने वीज देतो, 'ख' येथील ५ रुपये युनिटने, आणि 'ग' येथे ३०० मेगावॅटचा भार आहे. क-ग वाहिनीची क्षमता १५० मेगावॅट आहे, बाकीच्या दोन्ही वाहिन्यांची प्रत्येकी ४००. (आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत.)

आपल्या पद्धतीने उत्तर असे येईल: सगळे ३०० मेगावॅट 'क'कडूनच घ्या, १५० थेट क-ग वाहिनीने पाठवा आणि उरलेले १५० 'ख'वरून वळसा घालून. खर्च तासाला तीन लाख युनिट गुणिले ३ रुपये, म्हणजे ९ लाख रुपये. प्रत्यक्षात 'क'ने ३०० मेगावॅट दिले की काय होईल ते पाहू. थेट वाटेवर एक वाहिनी आहे, वळशाच्या वाटेवर दोन. म्हणजे वळशाचा रिॲक्टन्स दुप्पट, आणि म्हणून दोन तृतीयांश वीज थेट जाईल, एक तृतीयांश वळशाने. क-ग वाहिनीवर २०० मेगावॅट येतील आणि १५०च्या मर्यादेची ती वाहिनी अतिभारित होईल. 'ख'मार्गे भरपूर जागा रिकामी आहे, पण आपण सांगितले म्हणून वीज तिकडे वळत नाही.

उपाय एकच राहतो, तो म्हणजे 'ख'चा महाग संच चालवणे. 'ख'मध्ये तयार झालेल्या विजेपैकीही एक तृतीयांश वीज 'क'वरून फिरून क-ग वाहिनीतूनच येते, हे विसरू नका. 'क'ची निर्मिती 'अ' मेगावॅट मानली तर क-ग वाहिनीवरचा प्रवाह 'अ'चे दोन तृतीयांश अधिक (३०० वजा अ)चे एक तृतीयांश, म्हणजे १०० अधिक 'अ'चे एक तृतीयांश इतका येतो. तो १५०च्या आत ठेवायचा तर 'अ' १५०च्या वर नेता येत नाही. म्हणजे १५० मेगावॅट 'क'कडून, १५० 'ख'कडून, आणि खर्च तासाला १२ लाख. या स्थितीत क-ख वाहिनीवरचा प्रवाह शून्य असतो. नवख्या माणसाला ती वाहिनी निरुपयोगी वाटते, आणि तासाला तीन लाख जादा का मोजतो आहोत हे त्याला नकाशावरून कळत नाही.

पुढची पायरी अधिक गमतीची आहे. 'ग' येथील भार ३०१ मेगावॅट झाला, तर वाढलेल्या त्या एका मेगावॅटसाठी किती पैसे लागतील? ३ रुपये युनिट म्हणाल की ५? दोन्ही चूक. वरचे समीकरण पुन्हा मांडले तर 'क'ची निर्मिती एका मेगावॅटने कमी करावी लागते आणि 'ख'ची दोन मेगावॅटने वाढवावी लागते, तेव्हाच क-ग वाहिनी मर्यादेत राहते. हिशेब झाला दोन गुणिले ५ वजा ३, म्हणजे ७ रुपये युनिट. ग्रिडमधला सर्वांत महाग संच ५ रुपयांचा असूनही 'ग' येथील सीमान्त किंमत ७ रुपये निघते. यालाच स्थाननिहाय किंमत म्हणतात. ही कल्पना फ्रेड श्वेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पुस्तकरूपाने पद्धतशीर मांडली, आणि अमेरिकेतील पीजेएम हा घाऊक वीज बाजार १९९८ पासून तीच वापरतो. आपल्याकडे वीज-विनिमय केंद्रावर विभागनिहाय किमती असतात. दोन विभागांमधला मार्ग भरला की बाजार दुभंगतो आणि दोन्हीकडचे दर वेगळे होतात. एका राज्याच्या आत मात्र ग्राहकाचा दर वीज आयोगाच्या आदेशाने ठरतो, उपकेंद्रानुसार नाही. आपल्या घरच्या तारेतली वीज भौतिक अर्थाने बहुतांशी जवळच्याच संचांची असेल, पण बिल सगळ्या राज्याच्या एकत्रित खरेदीवर निघते. कोराडीच्या सावलीत राहण्याची सूट त्यात नाही. राख मात्र वाट्याला येते, ही नागपूरकरांची जुनी तक्रार मला मान्य आहे.

त्रिकोण अजून सोडू नका. क-ग वाहिनी उघडून, म्हणजे तिचा स्विच उघडून ती ग्रिडपासून तोडून, बंदच करून टाकली तर? मग 'क'ची सगळी वीज 'ख'वरून 'ग'कडे जाण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही, त्या दोन्ही वाहिन्या ४०० मेगावॅटच्या आहेत, आणि खर्च पुन्हा ९ लाखांवर येतो. वाहिनी काढून घेतल्याने ग्रिड स्वस्त होतो, हे रस्त्यांच्या अनुभवावरून पटणारे नाही, पण गणित बरोबर आहे. कोणत्या वाहिन्या चालू ठेवायच्या आणि कोणत्या उघडायच्या, हाही मग निर्णयाचा भाग होतो, आणि प्रश्नात 'हो किंवा नाही' या स्वरूपाचे चल शिरल्यामुळे तो एकदम अवघड होतो. नियंत्रण कक्षात केवळ पैसे वाचवण्यासाठी वाहिनी उघडण्याची छाती सहसा कोणी करत नाही, आणि ते योग्यच आहे. कारण तसे केल्यावर 'ग'चा सगळा भार एकाच वाटेवर लटकतो.

प्रवाह आपल्या मर्जीने ठरवता येतो असा एक अपवाद आपल्या विदर्भातच आहे. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला जाणारी अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची एचव्हीडीसी (उच्च व्होल्टेजच्या एकदिश, म्हणजे डीसी प्रवाहाची) वाहिनी १५०० मेगावॅटची आहे, आणि तिच्यातून किती वीज जावी हे एसीचे डीसी करणाऱ्या कन्व्हर्टर स्थानकातून ठरवता येते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज मुंबईकडे नेताना समांतर चालणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या एसी वाहिन्यांवर किती भार पडावा, हे त्यामुळे काही प्रमाणात हाताळता येते. इष्टतमीकरणाच्या मांडणीत अशी वाहिनी जणू एका टोकाला भार आणि दुसऱ्या टोकाला जनित्र म्हणून येते, आणि तिच्यावरचा प्रवाह हा आपण निवडायचा चल असतो. भद्रावतीचे १००० मेगावॅटचे बॅक-टू-बॅक (एसीचे डीसी आणि तिथेच लगेच पुन्हा एसी करणारे) स्थानकही याच जातीचे आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण भारत उरलेल्या देशाशी समकालिक रीतीने, म्हणजे एकाच वारंवारतेच्या तालावर, जोडला गेला. त्यापूर्वी पश्चिम विभागातून दक्षिणेकडे वीज नेण्याचा मुख्य दुवा हेच स्थानक होते.

आतापर्यंतचा हिशेब ज्या सरलीकृत प्रतिमानावर चालला, त्याला या व्यवसायात 'डीसी लोड फ्लो' म्हणतात. एचव्हीडीसीशी त्याचा काही संबंध नाही, नाव फसवे आहे. त्यात सगळीकडचे व्होल्टेज नेमके प्रमाणित मानलेले असते, तारांतील तूट शून्य मानलेली असते, आणि रिॲक्टिव्ह पॉवर अस्तित्वातच नाही असे धरलेले असते. त्यामुळे सगळी समीकरणे सरळ रेषेची होतात आणि हजारो उपकेंद्रांचा प्रश्न संगणक चटकन सोडवतो. पण मे महिन्यात नागपुरात ४५ अंश तापमानात दुपारी घराघरांतल्या कूलरच्या मोटारी एकाच वेळी चालू असतात, तेव्हा हे गृहीतक पाहायलाही नको वाटते. मोटारीला चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर काम काही करत नाही, पण तारेतली जागा खाते आणि व्होल्टेज पाडते. ती लांबून आणणे परवडत नाही, तिथल्या तिथे कपॅसिटर बँकेतूनच पुरवावी लागते. उलट पावसाळी रात्री भार उतरतो, तेव्हा लांबलचक ४०० आणि ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या स्वतःच रिॲक्टिव्ह पॉवर तयार करतात आणि व्होल्टेज इतके चढते की रिॲक्टर (ती पॉवर शोषून घेणारी कॉइल) कमी पडले तर वाहिनी उघडून ठेवावी लागते. डीसी प्रतिमानाला या दोन्ही रात्री-दुपारी दिसतच नाहीत.

खरी एसी समीकरणे घेतली की वाहिनीवरील प्रवाह दोन टोकांच्या व्होल्टेजचा गुणाकार आणि त्यांच्यातील कोनाच्या फरकाची साइन यांवर अवलंबून राहतो. फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीत काम करणाऱ्या झाक कार्पेंतिए यांनी १९६२ मध्ये हीच समीकरणे बंधने म्हणून घेऊन किमान खर्चाचा प्रश्न मांडला, आणि तोच पुढे 'ऑप्टिमल पॉवर फ्लो' म्हणून ओळखला गेला. अडचण अशी की हा प्रश्न बहिर्वक्र नाही. बहिर्वक्र प्रश्न कढईसारखा असतो: वाटाणा कुठेही सोडा, घरंगळत तळाशी येतो. एसी प्रश्न आप्पेपात्रासारखा असतो. वाटाणा ज्या खळग्यात पडेल तिथेच राहतो, आणि शेजारचा खळगा याहून खोल आहे की नाही हे त्याला कळत नाही. रोजच्या कामात बहुधा बऱ्यापैकी खोल खळगा सापडतो, पण 'बहुधा' या शब्दाला गणितात किंमत नाही. व्यापक स्वरूपात हा प्रश्न गणनेच्या दृष्टीने दुर्घट ठरतो, हे सिद्ध झालेले आहे.

गेल्या दोन दशकांत यावर एक सुंदर युक्ती पुढे आली. आप्पेपात्राला खालून वेढून घेणारी एक मोठी कढई कल्पायची, म्हणजे काही बंधने मुद्दाम सैल करून प्रश्न बहिर्वक्र करायचा. कढईचा तळ कोणत्याही खळग्याहून वर असू शकत नाही, त्यामुळे खर्च याहून खाली जाणार नाही याची हमी मिळते. आणि कढईचा तळ नेमका एखाद्या खळग्याला टेकला, तर तोच सर्वांत खोल खळगा. झाडासारख्या, फांद्या फुटत जाणाऱ्या वितरण जाळ्यांसाठी रबीह जबर यांनी २००६ मध्ये, आणि अधिक सर्वसाधारण जाळ्यांसाठी जावाद लवाई आणि स्टीव्हन लो यांनी २०१२ मध्ये केलेले काम या दिशेचे आहे. हे तळ नेहमी टेकतातच असे नाही.

इथे एका मराठी नावाचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना नरेंद्र करमरकर यांनी रेखीय प्रोग्रॅमिंगसाठी (सरळ रेषेच्या बंधनांत किमान किंवा कमाल शोधण्याच्या गणितासाठी) जी पद्धत दिली, तिने शक्यतांच्या प्रदेशाच्या कडेकडेने चालण्याऐवजी आतून वाट काढण्याचे तंत्र प्रचारात आणले. अशा 'इंटीरियर पॉइंट' पद्धतींचा पुढे अरेखीय प्रश्नांकडे विस्तार झाला, आणि आज एसी प्रश्न सोडवणारी बहुतेक भरवशाची सॉफ्टवेअर याच कुळातली आहेत.

आता सुरक्षेकडे वळतो, कारण प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त वेळ तिथे जातो. चालू स्थिती मर्यादेत असणे पुरेसे नाही; कोणतीही एक वाहिनी, रोहित्र किंवा संच अचानक ट्रिप झाला तरी उरलेली प्रणाली मर्यादेत राहिली पाहिजे. याला 'एन वजा एक' निकष म्हणतात. हजार घटक असतील तर मूळ प्रश्नाच्या हजार प्रती एकमेकींशी जोडून सोडवाव्या लागतात. आपल्या त्रिकोणात ख-ग वाहिनी ट्रिप झाली तर ३०० मेगावॅटचा सगळा भार १५०च्या क-ग वाहिनीवर येतो, म्हणजे १२ लाखांचे उत्तरही सुरक्षित नाही. निर्मिती कशीही फिरवली तरी इथे सुरक्षित उत्तर निघत नाही. संगणक 'इन्फिजिबल' एवढे सांगून थांबतो. त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ असा, की नवी वाहिनी बांधा, आणि ती होईपर्यंत 'ग' येथे आपोआप भार कमी करणारी योजना बसवा.

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाच्या मोठ्या भागात पसरलेला अंधार याच निकषाच्या संदर्भात पाहावा. ७६५ किलोव्होल्टपर्यंत वाढवण्याच्या कामासाठी मध्य प्रदेशातील बीना-ग्वाल्हेर वाहिनीचे एक सर्किट बंद होते, दुसऱ्यावर भार अतोनात वाढला होता, आणि ३० जुलैला पहाटे अडीचच्या सुमारास त्या ४०० किलोव्होल्टच्या सर्किटवरील डिस्टन्स रिले (दोष दिसताच वाहिनी तोडणारे उपकरण) कोणताही दोष नसताना चालला. रिले व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह यांचे गुणोत्तर पाहतो. व्होल्टेज पडलेले आणि प्रवाह वाढलेला, त्यामुळे त्याला दूरवर कुठे तरी शॉर्टसर्किट झाल्यासारखे दिसले. पहिल्या दिवशी उत्तर विभागातील सुमारे ३६,००० मेगावॅट भार गेला, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य मिळून सुमारे ४८,०००. पश्चिम विभाग तगला, म्हणून नागपुरात दिवे राहिले. नुसते मेगावॅट मोजणाऱ्या प्रतिमानात ती वाहिनी भरलेली दिसली असती, पण रिलेच्या डोळ्यांना ती कशी दिसते आहे हे कळले नसते.

काळाचे बंधन थोडक्यात सांगतो. आपल्याकडे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग असतात आणि ते एकमेकांशी बांधलेले असतात. कोराडीचा ६६० मेगावॅटचा संच ५५ टक्क्यांच्या, म्हणजे ३६३ मेगावॅटच्या खाली नेता येत नाही असे धरले, आणि मिनिटाला एक टक्का या वेगाने तो चढतो असे मानले, तर एका भागात तो जेमतेम ९९ मेगावॅट वर येतो. दुपारी सौर वीज भरपूर असल्यामुळे खाली ठेवलेला संच संध्याकाळी लागणार असेल, तर तो दुपारी तोट्यात का होईना चालू ठेवावा लागतो, कारण थंड झालेला संच पुन्हा उभा करायला बरेच तास जातात. साठ संच चालू की बंद एवढेच ठरवायचे म्हटले तरी पर्याय एकावर अठरा शून्ये इतके होतात. राज्याच्या पातळीवर मेरिट ऑर्डर, म्हणजे इंधनाच्या चल खर्चानुसार लावलेली उतरंड, हा आपल्या मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळचा व्यवहार आहे. राष्ट्रीय पातळीवर १ एप्रिल २०१९ पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेले 'एससीईडी' (सुरक्षेची बंधने पाळून सर्वांत स्वस्त निर्मिती ठरवण्याची व्यवस्था) आंतरराज्य औष्णिक संचांचा एकत्रित चल खर्च प्रत्येक पंधरा मिनिटांसाठी किमान करते. तांत्रिक किमान, चढउताराचा वेग आणि विभागांमधील मार्गांची क्षमता ही त्यातली बंधने. तो संपूर्ण एसी इष्टतम प्रवाह नव्हे, आणि तसा दावाही नाही.

माझ्या मते या विषयातले बहुतेक खरे नुकसान अल्गोरिदममुळे होत नाही, मर्यादेच्या रकान्यात भरलेल्या आकड्यामुळे होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट सांगतो. २२० किलोव्होल्टच्या एका वाहिनीवर जुनी तार काढून एचटीएलएस, म्हणजे जास्त तापमान सोसणारी आणि कमी झोळ पडणारी तार ओढली होती. मी अभ्यासात तिची मर्यादा जवळजवळ दुप्पट केली आणि खर्च उतरलेला पाहून खुशीत कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी खर्चाच्या ओळीकडे पाहिलेसुद्धा नाही. "बेमधला वेव्ह ट्रॅप बदलला का?" एवढेच विचारले. (बे म्हणजे उपकेंद्रातला त्या वाहिनीचा कप्पा, आणि वेव्ह ट्रॅप म्हणजे वाहिनीवरून जाणारे संदेशाचे संकेत उपकेंद्रात शिरू न देणारी कॉइल.) मी दुपारच्या गाडीने उपकेंद्रात गेलो. वाहिनीच्या टोकाला टांगलेल्या त्या पिंजऱ्यासारख्या कॉइलच्या पाटीवर रंगाखाली ६३० अँपिअर असे कोरलेले होते. म्हणजे तार कितीही सोसू दे, सुमारे २४० एमव्हीएच्या (खरी आणि रिॲक्टिव्ह पॉवर मिळून मोजण्याचे एकक) पुढे ती वाहिनी नेता येत नव्हती, आणि माझे सगळे इष्टतम उत्तर त्या पाटीवर अडले होते. तारेची स्वतःची मर्यादाही जानेवारीतल्या पहाटे आणि मेमधल्या दुपारी सारखी नसते. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकी तारेतली उष्णता कमी निघून जाते आणि झोळ वाढतो. संगणकात मात्र ती बहुतेक ठिकाणी वर्षभर एकच असते.

आपल्याला स्वतः करून पाहायचे असेल तर मॅटपॉवर किंवा पायथॉनमधील पांडापॉवर ही दोन्ही साधने मोफत मिळतात. आधी आपला त्रिकोण डीसी पद्धतीने घाला. 'ग'ची किंमत ७ रुपये युनिट, म्हणजे पडद्यावर मेगावॅट-तासाला ७,००० अशी आली पाहिजे. मग त्याच वाहिन्यांना थोडा रोध द्या, 'ग'च्या भाराला शंभरेक एमव्हीएआर रिॲक्टिव्ह पॉवर जोडा, मर्यादा एमव्हीएमध्ये घाला आणि एसी पद्धतीने चालवा. ७,००० येणार नाही. किती आले, आणि फरकातला कोणता भाग तारांमधील तुटीचा व कोणता रिॲक्टिव्ह पॉवरने खाल्लेल्या जागेचा, हे एकेक गोष्ट शून्य करून वेगळे काढा. 'ग' येथे कपॅसिटर बसवून पाहिल्यावर किंमत पुन्हा किती उतरते, तेही त्याच बैठकीत तपासा.